गंगेकाठी तंबू टाकून दोन रात्री (ना लाईट, ना नळ, ना बोर्ड)

पडशीवाला

गोदावरी म्हणायला मला अजून जमत नाही. आमच्या परभणी-गंगाखेडकडं ती गंगाच. तर संक्रांतीच्या आधीच्या शनिवार-रविवारी गंगेकाठी तंबू टाकून दोन रात्री राहून आलो. मी, मेहुणा आणि माझी सहावीतली पोरगी.

पुण्याकडच्या तळ्यांवरचे तंबू दोनदा बघून झाले होते. एका रांगेत पन्नास तंबू, मधी स्पीकर, सकाळी पोह्यांना रांग. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा पोरीनं विचारलं, "बाबा, हे लग्न कुणाचं आहे?" तेव्हाच ठरवलं, पुढच्या वेळी आपल्या गावाकडं.

आपल्याकडं 'कॅम्पसाइट' असा काही प्रकार नाही. ओळखीवर जायचं. मेहुण्याच्या दुकानात खत न्यायला एक मामा येतात, त्यांचं रान गंगाखेडच्या खालच्या अंगाला थेट गंगेला लागून आहे. त्यांना विचारलं, "मामा, तुमच्या मळीवर दोन दिवस राहू का?" मामा म्हणाले, "राहा की. पण तिथं बघायला काय हाय?"

खरंच काही नाही. वर काळं रान, त्यात शाळू हुरड्याला आलेला. खाली मळीचा पट्टा, म्हणजे काठाची गाळाची जमीन, त्यात थोडा हरभरा. त्याच्या खाली उतार आणि पाणी. करंजाची तीन झाडं, एक आडवी वाढलेली बाभूळ. पलीकडच्या काठाला कुणाचं तरी देऊळ, तिथं सांजच्याला एक दिवा लागतो. संपलं.

पहिली चूक अशी की तंबू अगदी पाण्याजवळ लावला. फोटोत तसाच असतो ना. मामांनी येऊन बघितलं, काही बोलले नाहीत, नुसता तंबूचा एक खुंटा उपटला. म्हणाले, "वर घ्या. हितं रात्री गारठा बसतो." मला वाटलं उगं काळजी करतात. तंबू वर मळीवर घेतला, तरी पहाटे जाग आली ती तोंडावर थेंब पडल्यामुळं. पाऊस नव्हता. आम्हीच तिघांनी चेन गच्च लावून आत श्वास सोडले होते, ते कापडाला लागून पाणी झालं होतं. घोंगडी वरून ओली. दुसऱ्या रात्री दोन्ही बाजूंच्या जाळ्या उघड्या ठेवून, कानटोपी घालून झोपलो. गार लागलं, पण कोरडे राहिलो. परभणीच्या कृषी विद्यापीठातला पारा थंडीत पाच-सहा अंशांवर येतो हे आपण पेपरात वाचतो. नदीकाठी ते पेपरात वाचण्यासारखं राहत नाही.

चुलीसाठी दगड शोधायला पोरगी गेली आणि अर्ध्या तासानं हात हलवत आली. गाळाची जमीन, अख्ख्या काठाला सुपारीएवढा खडा नाही. शेवटी मामांनी कुदळीनं हातभर लांब चर खणून दिला, वाऱ्याकडचं तोंड रुंद, पलीकडचं अरुंद, आणि त्यावर तवा. मागच्या सालच्या कपाशीच्या पऱ्हाट्या भराभर पेटतात पण निखारा धरत नाहीत, दोन भाकरी होईस्तोवर राख. मग बाभळीचं एक खोड सारलं तेव्हा कुठं वांगं भाजलं. हुरड्याची आगटी मामांनी वेगळी केली. तिथं मात्र आम्हाला हात लावू दिला नाही. कणसं भाजली की मामी गरम गरम तळहातावर चोळून द्यायच्या आणि आमचे हात बघून हसायच्या.

आता शांततेचं ऐका. पहिल्या रात्री बाराच्या पुढं काठानं एक बॅटरी हलत आली. मेहुणा काठी घेऊन उठला. मामा होते, मोटार चालू करायला आलेले. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. त्यांची मोटार सुरू झाली, मग शेजारची, मग पलीकडच्या काठाची, आणि बघता बघता सगळी गंगा घरघरायला लागली. ज्या शांततेसाठी तीन महिने बेत केला ती अशी गेली. पोरगी गाढ झोपली, मीच तळमळत पडलो. आणि अडीचच्या सुमाराला कुठंतरी फेज गेला. सगळ्या मोटारी एका दमात बंद. तेव्हा जे ऐकू आलं ते सांगता येत नाही. आधी काहीच नाही. मग पाण्यात एक मासा उलटला, डुबुक. मग लांब पुलावरून परळीच्या लाईनची मालगाडी गेली, ती संपेपर्यंत मी डबे मोजले. मग टिटवी. थोड्या वेळानं लाईट परत आली आणि घरघर सुरू झाली, पण तेवढा अर्धा तास मी त्या दोन दिवसांचं सगळं भाडं समजतो.

भाड्यावरून आठवलं. निघताना मामांना पैसे देऊ केले तर त्यांनी हात मागं घेतला. तुम्ही लोक काय करता? आणि अशा दुसऱ्या जागा कुणाला ठाऊक आहेत का? गावाचं नाव मी टाकणार नाही, मामांना विचारल्याशिवाय तर नाहीच.

फटफटी

लोकेशन टाका राव. एवढं लिहिलं आणि नाव नाही.

बाभळीकाठ

लोकेशनपेक्षा नदीचा हिशेब समजून घ्या, मग जागा आपोआप सापडते. आपली गोदावरी आता वाहती नदी कमी आणि तळ्यांची माळ जास्त आहे. पैठणच्या खाली आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी, ढालेगाव, तारुगव्हाण, मुद्गल, मुळी, डिग्रस, अंतेश्वर, मग नांदेडचं विष्णुपुरी, पुढं आमदुरा, बळेगाव आणि आमचं बाभळी, असे बंधारे. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी काठोकाठ, तिथं वाळू दिसणार नाही, मळीवरच राहावं लागेल. बंधाऱ्याच्या लगेच खाली कोरडं पात्र आणि डबकी. मधल्या टप्प्यात दोन्ही थोडं थोडं.

आमच्या धर्माबादकडं तर हे तारखेवर चालतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार बाभळीचे दरवाजे १ जुलैपासून २८ ऑक्टोबरपर्यंत उघडे असतात, २९ ऑक्टोबरला खाली टाकतात. १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली तेलंगणासाठी सोडायचं असतं. म्हणजे दिवाळीच्या आसपास आज जिथं वाळू आहे तिथं आठ-पंधरा दिवसांनी पाणी असू शकतं. तारीख बघून या.

आणि पात्रातल्या वाळूत झोपायचं नाही. कितीही मऊ असली तरी. वरच्या बंधाऱ्याचे दरवाजे कधी उचलतील हे तुम्हाला कुणी फोन करून सांगणार नाही. भोंगा वाजवतात, पण तो जवळच्या गावापुरता.

माहेर_पालम

लेख छान आहे दादा, पण एक विचारते. वहिनी का नव्हत्या? मी सांगते का नव्हत्या. 'परसाकडं कुठं जायचं' हे तुमच्या अख्ख्या लेखात नाही.

आम्ही तिघी मैत्रिणी मागच्या डिसेंबरात दोघींच्या नवऱ्यांसह राहिलो होतो, आमच्या चुलत्याच्या आखाड्यावर, म्हणजे रानातल्या घरी, पाच मिनिटांवर गंगा. सोय आम्ही आमची केली. चार बांबू, दोन जुन्या साड्या, आत कुदळीनं गुडघाभर खड्डा, शेजारी मातीचा ढीग आणि खुरपं. जागा पाण्यापासून दीड-दोनशे पावलं लांब आणि उताराच्या आडबाजूला, कारण त्याच पाण्यात खाली कुणीतरी धुणं धुतंय, गुरं पाजतंय. निघताना खड्डा बुजवला, वर काट्या टाकल्या. यात अवघड काहीच नाही, फक्त पोचल्या पोचल्या, उजेड असताना करून ठेवायचं. अंधार पडल्यावर कुणाला आठवलं तर मग सगळी रात्र बाईमाणूस पाणी न पिता काढते. मी काढलेली आहे, त्या आधीच्या वेळी.

पिण्याचं पाणी घरून. आम्ही पाच जणांना दोन दिवसांसाठी वीस लिटरचे तीन जार नेले होते, ते पुरले. नदीचं पाणी भांड्यांना.

आणि हो, आम्हाला भीती माणसांची नाही वाटली. चुलता होता म्हणून. नुसत्या बायका अनोळखी काठाला राहू नका, कुणाचं तरी घर हाकेच्या अंतरावर पाहिजे. हे मी भित्री म्हणून सांगत नाही.

पडशीवाला

ताई, बरोबर पकडलंत. बायकोनं तुमचं उत्तर वाचलं आणि म्हणाली, "बघा." पुढच्या वेळी बांबू आधी, तंबू नंतर.

अर्धी_भाकर

आमचा अनुभव उलटा आहे, तोही ऐका. गेवराईच्या बाजूला, गाव सांगत नाही, मित्राच्या मित्राच्या ओळखीनं गेलो. जागा अशी की डोळ्यांचं पारणं फिटावं. चंद्र होता, पाणी होतं, मटण शिजत होतं. साडेदहाला काठावरून एक दुचाकी दोनदा गेली. तिसऱ्यांदा थांबली. दोघं जण, तोंडाला रुमाल. "कोण तुम्ही? कुठून आले?" आम्ही सांगितलं, राहायला आलोय. त्यांचा विश्वासच बसेना. नदीकाठी माणूस थंडीत राहायला कशाला येईल? त्यांना वाटलं आम्ही वाळूचोरी पकडणारं तहसीलचं पथक, साध्या कपड्यात लपून बसलोय.

शेवटी त्यांना मटण दाखवलं तेव्हा पटलं. पथक काही मटण शिजवत नाही म्हणे, निदान स्वतःच्या पैशानं. मग त्यांनी कुणाला तरी फोन लावला, "आपलेच हायत, पाठव." आणि मग पहाटे चारपर्यंत वाळूचे हायवा, म्हणजे मोठे टिपर. खाली पात्रात जेसीबी, वर हायव्यांची रांग, आमच्या तंबूपासून दोनशे फुटांवरून. धुळीनं घोंगड्या पांढऱ्या झाल्या. सकाळी बघितलं तर रात्री जिथं चंद्र पडला होता तिथं दोन पुरुष खोल खड्डा.

म्हणून जागा बघायला दिवसा जा आणि रस्त्यावरची चाकं बघा. गाडीवाटेवर ट्रॅक्टरच्या टायरच्या नक्षीऐवजी रुंद जोडचाकांची चाकोरी दिसली, बाजूच्या बाभळीच्या पाल्यावर पांढरी धूळ दिसली, की तिथं तंबू नको. आणि असल्या लोकांशी वाद तर अजिबात नको. गाडी काढायची, घरी यायचं.

कंपाउंडर

थोडं कामाचं. थंडीत साप कमी दिसतात म्हणून कुणी निर्धास्त राहू नये. घोणस सकाळी उन्हाला बांधावर पडते, आणि कडब्याच्या गंजीला, पऱ्हाटीच्या ढिगाला उंदीर असतात, त्यांच्यामागं नाग येतो. जळण उचलताना आधी काठीनं हलवा. मण्यार रात्रीची फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि चावल्याचं कित्येकदा कळतही नाही. म्हणून तळ शिवलेला तंबू पाहिजे, नुसती ताडपत्री टाकून झोपू नका. बूट आत घ्या, सकाळी झटकून घाला, विंचू आवडीनं बसतो. रात्री उठलात तर बॅटरीचा उजेड पायाखाली, लांब नाही.

चावलाच तर कापू नका, चोखू नका, आवळून दोरी बांधू नका, तो अवयव हलवू नका, देवळात नेऊ नका. १०८ लावा किंवा गाडीत घालून सरळ सरकारी दवाखाना. जाण्यापूर्वी सगळ्यात जवळचा दवाखाना कुठला, तिथं जायला रात्री किती वेळ लागतो, एवढं विचारून ठेवा.

फटफटी

एवढं सगळं वाचून आता हॉटेलातच जावं वाटायलंय.

कंपाउंडर

हॉटेलात डास असतात.

सहस्रकुंडी

गोदावरीच सगळी लिहायलेत म्हणून आमची पैनगंगा. सहस्रकुंडला पावसाळ्यात जत्रा असते, पण डिसेंबरनंतर धार बारीक होते आणि माणसं गायब. तिथला काठ वेगळा आहे, सगळा काळा कातळ, दगड हवे तेवढे. पण कातळात खुंटा जात नाही, दोऱ्या दगडाला बांधाव्या लागतात. शेवाळावरून पाय घसरून दरवर्षी माणसं जातात, कडेला जाऊन फोटो नको. पलीकडं पैनगंगा अभयारण्य आहे, तिथं वनखात्याला न विचारता मुक्काम आणि जाळ दोन्ही चालत नाही. आम्ही अलीकडंच, नांदेडच्या हद्दीत, गावातल्या एकाच्या शेतात राहिलो होतो. रात्री कोल्हे एवढे ओरडले की कुत्रं तंबूत घुसलं. कुत्रं आमचं नव्हतं.

मळीवरचा

मी एरवी लिहीत नाही, वाचतो. आमचं रान गंगेलाच हाय, सोनपेठ तालुक्यात. तुम्ही सगळे काठावर येऊन राहण्याचं बोलायलेत म्हणून काठावरच्या माणसाचं बी ऐका.

मागल्या दोन-तीन सालात लोकं लई यायलेत. काही तुमच्यासारखे, विचारून येणारे. काही गाडी सरळ बांधावरून घालणारे. त्यांना वाटतं नदी सरकारची, मग काठ बी सरकारचा. पात्र सरकारचं हाय, मळी आमची हाय, सात-बाऱ्यावर हाय. २०२५ च्या सप्टेंबरच्या पुरात त्यातली वीस-बावीस फूट कापून गेली. मोटार गेली, पाइप गेले. जेवढी राहिली तेवढीत आवंदा हरभरा केला. त्या हरभऱ्यात चटई टाकून बसलेल्या लोकांना उठवायला गेलो तर म्हणले, "काका, गवतच तर आहे."

आता खरी गोष्ट. दिवाळीच्या आगं-मागं, ऐन ज्वारीच्या पेऱ्यात, माझा बैल पाण्यावर गेला आणि लंगडत आला. लाल कंधारी, सहा दाती. आधी वाटलं काटा. खूर उचलून धुतला तर दोन नख्यांच्या मधी हिरवी काच. बाटलीच्या बुडाचा तुकडा, अंगठ्याएवढा, सरळ आत गेलेला. चिमट्यानं धरला की बैल थरथरायचा. पोरानं मान धरली, मी पाय मांडीवर घेतला, तरी निघंना. डॉक्टर बोलावला, त्यानं सुई देऊन काढला. त्या जागी बोट जाईल एवढं भोक. अठरा दिवस बैल औताला नाही. ट्रॅक्टर लावून पेरलं, त्याचे पैसे वेगळे. बाटली कुणाची ते मला ठाऊक नाही. पोळ्याला आम्ही त्याच बैलाचे पाय धुऊन पाया पडतो.

पैशाचं विचारलंय म्हणून सांगतो. तुम्हाला वाटतं पैसे दिले की आम्हाला अपमान वाटतो. नाही वाटत, पैसा कुणाला नको. पण पैसे घेतले की तुम्ही गिऱ्हाईक झालात. मग तुम्ही संडास मागणार, गरम पाणी मागणार, रात्री मोटारीचा आवाज येतो म्हणून बंद करा म्हणणार. आन मला ती बंद करता येत नाही, पाण्याची पाळी चुकते. पैसे घेतले नाहीत तर तुम्ही पाव्हणे. पाव्हण्याला भाकरी देतो आन पाव्हणा बी निमूट खातो. त्या मामानं हात मागं घेतला तो ह्याच्यासाठी असंल.

अजून एक. रात्री दुसऱ्याच्या रानातून फिरू नका. रानडुकरासाठी आम्ही झटका मशीन लावलंय, त्याचा झटका बसतो पण माणूस मरत नाही. पण काही जण चोरून तारेत थेट करंट सोडतात. बोर्ड नसतो. बांधाबांधानं चांदण्यात फिरायची हौस असली तर रानवाल्याला सोबत घ्या.

माहेर_पालम

दादा, बैल कसा आहे आता?

मळीवरचा

चांगला हाय. पाण्यावर जाताना अजून त्या जागी थांबतो, वास घेतो, मग वळसा घालून जातो.

फटफटी

मी लोकेशन मागितलं होतं, ते परत घेतो. आमच्या ग्रुपनं मागच्या वर्षी एका काठावर बाटल्या दगडावर ठेवून फोडल्या होत्या. तुमच्या तालुक्यात नाही, पण फोडल्या होत्या. जागा मला अजून ठाऊक आहे. येत्या रविवारी चाळण आणि गोणी घेऊन जातो, बघू किती सापडतं.

बाभळीकाठ

चाळणीनं होणार नाही, पुरानं वाळू हलली असेल. वाळवणाची बारीक चाळण नको, गाळाला बसते. वाळू चाळायची मोठी जाळी भाड्यानं मिळते कुठल्याही गवंड्याकडं, ती न्या. हातात जाड मोजे घाला.

पडशीवाला

मळीवरचा दादा, काल मामांकडं जाऊन आलो. पोरगी सोबत होती. पैशाऐवजी काय न्यावं ते सुचत नव्हतं. मेहुण्याच्या दुकानातून मोटारीसाठी फुटव्हॉल्व्ह (पाइपाच्या पाण्यातल्या तोंडाला बसतो, पाणी धरून ठेवतो) नेला, मामांचा त्या दोन रात्रींत चार वेळा पाणी सोडत होता, मी स्वतः बादलीनं पाइपात पाणी ओतू लागलो होतो. मामांनी तो हातात उलटा-सुलटा करून बघितला, "तीन इंची हाय, आपल्याला अडीच लागतो" म्हणाले, आणि ठेवून घेतला. बदलून आणायला पुढच्या शनिवारी परत जायचं आहे. आता बायकोही येते म्हणाली.

नाव टाकायचं का, ते विचारलं. म्हणाले, "टाका की. पण मग हुरडा पुरायचा नाही." तर नाव टाकत नाही.

मळीवरचा

फुटव्हॉल्व्ह पितळी घ्या, प्लास्टिकचा गाळानं धरत नाही. आन कुणाला आमच्याकडं यायचं असलं तर शुक्रवारच्या आत या. सोमवारपासून लाईट रात्रीची हाय.